ठळक अरुंद तिरपी सॅन्स-सेरिफ मुद्राक्षरे

ठळक अरुंद तिरपी सॅन्स-सेरिफ मुद्राक्षरे : टोकांना सेरिफ म्हणजे बारीक आडवे फाटे नसलेली, जाड दांड्यांची, रुंदीत आवळलेली आणि उजवीकडे झुकलेली रोमन लिपीची मुद्राक्षरे. ती बहुधा स्वतंत्रपणे न येता एखाद्या मोठ्या अक्षरकुलाचा भाग म्हणून येतात. मथळे, भित्तिपत्रके, क्रीडासंघांचे पोशाख, वाहनांवरची नावे व जाहिराती हे त्यांचे नेहमीचे क्षेत्र.

सॅन्स-सेरिफ अक्षरांच्या उगमाबद्दल एकमत नाही. छपाईसाठी ओतलेला सर्वांत जुना ज्ञात टाइप म्हणजे लंडनच्या विल्यम कॅझलन चौथा याचा ‘टू लाइन्स इंग्लिश इजिप्शियन’. त्यात फक्त मोठी अक्षरे होती. तो साधारणपणे १८१६ च्या सुमाराचा धरतात. जाड फाट्यांच्या टाइपांचे फाटे छाटून ही अक्षरे तयार झाली, असे पूर्वी मानत. दोन्ही प्रकारांना ‘इजिप्शियन’ हेच नाव लागल्याने या समजाला बळ मिळाले. मुद्रणेतिहासकार जेम्स मोझली यांनी १९६५ मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते हे वळण प्राचीन ग्रीक-रोमन शिलालेखांच्या अभिजात ओढीतून आले आणि वास्तुविशारद जॉन सोन १७८० च्या दशकापासूनच आपल्या रेखाटनांवर तशी अक्षरे काढत होता. जाड फाट्यांचा पहिला ज्ञात टाइप लंडनचा टाइप ओतणारा व्हिन्सेंट फिगिन्स याच्या नमुन्यांत सु. १८१५–१७ मध्ये दिसतो. सोनची रेखाटने त्याच्या आधीची असल्याने मोझलींचे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘सॅन्स-सेरिफ’ हे नाव फिगिन्सने १८३२ मध्ये वापरले. विल्यम थॉरोगुडच्या ‘ग्रोटेस्क’मध्ये (सु. १८३४) लहान अक्षरेही आली. तो टाइप ठळक आणि अरुंदच होता, म्हणजे ठळकपणा व अरुंदपणाची जोडी या घराण्यात जवळजवळ आरंभापासून आहे.

अरुंदपणाचे कारण व्यावहारिक होते. कागदाची रुंदी ठरलेली असते. तेवढ्यात मोठे शब्द बसवायचे तर अक्षरे उंच ठेवून आवळावी लागतात. डेरियस वेल्सने १८२७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लाकडी खिळे म्हणजे छपाईची सुटी अक्षरे कापण्याचे यंत्र वापरात आणले व १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफची, म्हणजे आराखडा लहान-मोठा करून उतरवणाऱ्या साधनाची, जोड दिली. त्यामुळे एकाच आराखड्यावरून कमी-जास्त रुंदीची अक्षरे स्वस्तात निघू लागली. मॉरिस फुलर बेंटनच्या ‘आल्टरनेट गॉथिक’ (१९०३) मध्ये तीन रुंद्या मुळातच योजलेल्या होत्या.

तिरपेपणाची परंपरा निराळी आहे. इटॅलिक हे फ्रान्चेस्को ग्रिफोने व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियससाठी कोरलेले (सु. १५००), हस्ताक्षरावर बेतलेले स्वतंत्र वळण. सॅन्स-सेरिफांत मात्र बहुधा उभे अक्षरच झुकवतात. त्याला काटेकोरपणे ‘ओब्लिक’ म्हणावे, पण व्यवहारात हा भेद पाळला जात नाही. ब्रिटिश मुद्राक्षरतज्ज्ञ स्टॅन्ली मॉरिसनने १९२६ मध्ये झुकवलेल्या उभ्या अक्षरांचीच बाजू घेतली होती. ‘गिल सॅन्स’च्या तिरप्या रूपात हस्ताक्षराची छटा टिकून आहे, ‘हेल्व्हेटिका’ व ‘युनिव्हर्स’मध्ये ती नाही. आड्रियान फ्रुटिगरच्या ‘युनिव्हर्स’मध्ये (१९५७) प्रत्येक रूपाला दोन अंकी क्रमांक आहे. दशकाचा अंक जाडी सांगतो, तर एककाचा अंक रुंदी व कल. ठळक अरुंद उभे रूप ६७, त्याचे तिरपे ६८.

रेखाटनातली खरी अडचण अशी, की जाडी, आवळणे आणि कल या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येतात. दांडे जाड केले की मधल्या पोकळ्या मिटू लागतात, त्यामुळे आडव्या रेषा उभ्यांपेक्षा बारीक ठेवाव्या लागतात. लहान ‘ए’ व ‘एस’मध्ये तीन आडव्या रेषा एकावर एक येतात, म्हणून तिथे ही काटकसर सर्वाधिक. अक्षरांमधले अंतरही आतल्या पोकळीशी जुळवून घट्ट करतात. अक्षर नुसते यंत्राने तिरपे सरकवले तर गोल ‘ओ’ची जाडी बिघडते. वरचा उजवा व खालचा डावा भाग फुगतो, उरलेले दोन कोपरे बारीक होतात. ते हाताने सावरून घ्यावे लागते. १२ अंशांच्या कलाने ७०० एकक (अक्षर-रेखाटनातले माप) उंचीचे अक्षर वरच्या टोकाला सुमारे १४९ एकक सरकते. अक्षराची रुंदी ६०० असेल तर हे सरकणे पाव रुंदीइतके, ३०० असेल तर जवळजवळ निम्मे. अरुंद अक्षर त्याच कोनात अधिक कललेले भासते ते यामुळे, आणि काही रेखाटनकार त्याचा कल मुद्दाम कमी ठेवतात. ‘इम्पॅक्ट’ हा ठळक अरुंद टाइप (१९६५) विंडोज संगणकांबरोबर आला तो केवळ उभ्या रूपात. त्याला प्रणालीने तिरपे केले की हे सगळे दोष एकत्र दिसतात.

धातूच्या खिळ्यांत झुकलेल्या अक्षराचे टोक खिळ्याच्या ठोकळ्याबाहेर जाई व दाबाखाली तुटे. छायाक्षरजुळणीत (छायाचित्रणाच्या तंत्राने होणाऱ्या अक्षरजुळणीत) आणि घासून उमटवायच्या अक्षरपत्रांत ही अडचण उरली नाही. फ्रेड लॅम्बर्टचा ‘कॉम्पॅक्टा’ (१९६३) याच काळातला, अशी अक्षरपत्रे बनवणाऱ्या लेट्रासेट कंपनीसाठी केलेला.

पुढे झुकलेल्या जाड अक्षरांतून वेग व जोर जाणवतो. स्पर्धा, यंत्रे व खेळ यांच्या चिन्हांत ती वारंवार दिसतात ती म्हणूनच. बार्बरा क्रूगर या कलावतीने लाल पट्ट्यांवर पांढऱ्या अक्षरांसाठी ‘फ्यूचुरा बोल्ड ओब्लिक’ वापरला. तो अरुंद नाही, पण याच कुळीतला आहे. सलग मजकुराला ही अक्षरे चालत नाहीत. लहान आकारात शाई पसरून पोकळ्या बुजतात.

देवनागरीत तिरप्या वळणाला इटॅलिकसारखी वेगळी हस्तलिखित पार्श्वभूमी नाही. अक्षर झुकवले तरी शिरोरेषा आडवीच राहते, कलतात ते दांडे. रुंदी आवळताना जोडाक्षरे आणि गाठी आधी भरून येतात, त्यामुळे जाडी रोमनइतकी वाढवता येत नाही.