अप्रकाशित न्यायनिर्णय (अमेरिका)

अमेरिकेतील अपील न्यायालये आपल्या ज्या निकालपत्रांना पूर्वनिर्णयाचे बंधनकारक स्थान देत नाहीत, त्यांना अप्रकाशित न्यायनिर्णय म्हणतात. असा निकाल त्या खटल्यातील पक्षकारांना पूर्णपणे लागू होतो; पण पुढे तोच कायदेशीर प्रश्न दुसऱ्या खंडपीठापुढे आला, तर त्या खंडपीठावर तो पाळण्याचे बंधन नसते. संघीय अपील न्यायालयांच्या निर्णयांपैकी पाचांत चारांहून अधिक निर्णय आज याच प्रकारात मोडतात.

ही पद्धत कामाच्या ओझ्यातून आली. छापील निकालसंग्रहांचे खंड वाढत चालले होते आणि अपिलांची संख्या त्याहून वेगाने वाढत होती. 1964 मध्ये संघीय न्यायाधीशांच्या ज्युडिशियल कॉन्फरन्सने केवळ सर्वसाधारण महत्त्वाचे निर्णयच प्रकाशित करावेत, अशी शिफारस केली आणि 1970 च्या दशकात सर्किट न्यायालयांनी, म्हणजे विभागवार संघीय अपील न्यायालयांनी, त्यासाठी आपापले नियम केले. नवा नियम घालून देणारा किंवा जुन्या नियमात फेरफार करणारा निर्णय प्रकाशित करायचा आणि प्रस्थापित कायदा नेहमीच्या वस्तुस्थितीला लावणारा निर्णय वगळायचा, असे त्यांचे साधारण सूत्र होते. प्रकाशित निकालपत्र अनोळखी वाचकांसाठी लिहिले जाते, त्यामुळे त्यात वस्तुस्थिती सविस्तर मांडावी लागते आणि शब्दन् शब्द तोलावा लागतो. अप्रकाशित निकालपत्र प्रकरण आधीच ठाऊक असलेल्या पक्षकारांना उद्देशून असल्याने अनेकदा थोडक्यात आटोपते. अनेक न्यायालयांनी तर अशा निर्णयांचा युक्तिवादात दाखला देण्यासही मनाई केली होती.

या व्यवस्थेच्या मुळालाच हात घातला तो आठव्या सर्किटच्या अनास्तासॉफ विरुद्ध अमेरिका (2000) या खटल्याने. प्राप्तिकराचा परतावा मागणारा अर्ज 13 एप्रिल 1996 रोजी टपालात पडला होता, मात्र कर खात्याकडे तो 16 एप्रिलला, म्हणजे तीन वर्षांची मुदत उलटून एक दिवस झाल्यावर पोहोचला. नेमक्या अशाच प्रकरणात त्याच न्यायालयाने 1992 च्या एका अप्रकाशित निर्णयात करदात्याच्या विरोधात निकाल दिला होता. तो निर्णय अप्रकाशित असल्याने बंधनकारक नाही, असे करदात्या महिलेचे म्हणणे होते. न्यायमूर्ती रिचर्ड आर्नल्ड यांनी ते फेटाळले. आपल्या आधीच्या निर्णयाला बांधील राहणे हा राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने दिलेल्या न्यायिक अधिकाराचाच भाग असून, कोणता निर्णय पाळायचा हे न्यायालयाने नियम करून ठरवणे त्या अधिकाराबाहेरचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे सरकारने परताव्याची रक्कम देऊन टाकल्यामुळे वादच उरला नाही आणि पूर्णपीठाने हा निर्णय रद्द केला. घटनात्मक प्रश्न मात्र त्या न्यायालयात अनिर्णित राहिला.

नवव्या सर्किटने हार्ट विरुद्ध मसनारी (2001) या खटल्यात उलट बाजू घेतली. काटेकोर बंधनकारकता ही संकल्पना घटनाकारांच्या काळानंतर घडत गेली, असे न्यायमूर्ती अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांनी दाखवून दिले. प्रत्येक निकाल बंधनकारक केल्यास खऱ्या अर्थाने कायदा घडवणाऱ्या निकालपत्रांसाठी वेळ उरणार नाही, हा त्यांचा व्यावहारिक मुद्दाही वजनदार आहे.

दरम्यान अप्रकाशित निर्णय वकिलांना सहज मिळू लागले होते. 2001 ते 2021 या काळात ते ‘फेडरल अपेंडिक्स’ या संग्रहात छापले जात, तर 2002 च्या ई-गव्हर्नमेंट कायद्याने संघीय न्यायालयांना सर्व लेखी निर्णय संकेतस्थळावर ठेवणे भाग पाडले. अखेर 1 डिसेंबर 2006 रोजी संघीय अपील कार्यपद्धतीचा नियम 32.1 अमलात आला. त्यानुसार 1 जानेवारी 2007 पासून दिलेल्या अप्रकाशित निर्णयांचा दाखला देण्यास कोणतेही संघीय अपील न्यायालय मनाई करू शकत नाही. त्या दाखल्याला किती वजन द्यायचे हे मात्र नियमाने मुद्दाम न्यायालयांवर सोडले आहे. म्हणून असा निर्णय मन वळवू शकतो, बांधून ठेवू शकत नाही.

कॅलिफोर्निया राज्यात नियम अधिक कडक आहे. तेथे राज्य अपील न्यायालयाच्या अप्रकाशित निर्णयाचा दाखला मोजके अपवाद वगळता देताच येत नाही. शिवाय आधी प्रकाशित झालेला निर्णयही राज्याचे सर्वोच्च न्यायालय अप्रकाशित ठरवू शकते. तसे झाल्यावर पक्षकारांपुरता निकाल कायम राहतो, फक्त त्याचे पूर्वनिर्णयाचे मूल्य जाते.

सर्वांत गंभीर आक्षेप निवडीच्या अधिकारावर आहे, कारण निकाल बंधनकारक व्हावा की नाही हे निकाल देणारे न्यायाधीशच ठरवतात. प्लमली विरुद्ध ऑस्टिन (2015) या प्रकरणात चौथ्या सर्किटने एका न्यायाधीशाचे मत विरोधात असतानाही आपले सविस्तर निकालपत्र अप्रकाशित ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला, तेव्हा न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांच्यासह असहमती नोंदवली आणि सर्किटसाठी बंधनकारक कायदा निर्माण होऊ नये, याखेरीज या अप्रकाशनाचे दुसरे कारण दिसत नाही, असे स्पष्ट म्हटले.