स्प्रिंगहाऊस वेगळं, आइसहाऊस वेगळं

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनियाकडच्या जुन्या शेतावर बुटकी दगडी खोली दिसली की फोटोखाली हमखास लिहिलेलं असतं, "इथे शेतकरी बर्फ साठवायचे". अहो, ती खोली म्हणजे स्प्रिंगहाऊस, दूध-लोणी गार ठेवायला वाहत्या झऱ्यावर बांधलेली, तिथे बर्फ ठेवला तर वितळून ओढ्याला जाईल!

आइसहाऊस बहुतेकांना माहितीये. हिवाळ्यात तळ्यातला नाहीतर नदीतला बर्फ कापायचा, भुशात किंवा पेंढ्यात दाबायचा आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा. चेन्नईतली विवेकानंदर इल्लम ही इमारत मूळची आइसहाऊसच, अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ ठेवायला १८४२ मध्ये बांधलेली. असो.

खरा घोळ होतो तो गारवा येतो कुठून यात. आइसहाऊसमध्ये तो हिवाळ्यात भरून ठेवलेला साठा, रोज थोडा थोडा संपणारा. स्प्रिंगहाऊसमध्ये साठा नसतोच. जमिनीत खोलवर तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं, त्या भागाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, म्हणून पेनसिल्व्हेनियातला झरा जुलैतही साधारण १०-१२ अंशांचं पाणी देतो. हे पाणी खोलीच्या फरशीतल्या दगडी चरातून वाहतं आणि त्यात मातीची, चिनी मातीची भांडी गळ्यापर्यंत बुडवून ठेवायचे. आत्ताच काढलेलं धारोष्ण दूध आपली उष्णता पाण्याला देतं, ते पाणी लगेच पुढे निघून जातं आणि मागून गार पाणी येतं. साय वर येते, ती काढून लोणी. हवा कितीही गार असली तरी भांड्यातली उष्णता वाहतं पाणी जितक्या झटपट काढून नेतं तितकी हवेला जमत नाही, म्हणून "जाड दगडी भिंतींमुळे दूध थंड राहायचं" हे वाचलं की मला खरंच चीड येते. भिंतींचं काम ऊन, पालापाचोळा आणि जनावरं बाहेर ठेवायचं, कारण बऱ्याच घरांचं प्यायचं पाणीही तिथूनच यायचं.

आणि कडाक्याच्या थंडीत तेच १०-१२ अंशांचं पाणी दूध गोठू देत नाही! हे आइसहाऊसच्या बरोब्बर उलट, तिथे जानेवारीत बर्फ भरायची घाई असायची.

आपल्याकडे कोकणात अशी खोली बांधून उपयोग नाही, वार्षिक सरासरीच पंचविशीच्या वर, म्हणजे झराही तेवढाच.

आकार, छप्पर, दार यावरून ओळखायला जाऊ नका, फसाल. मला त्यातल्या त्यात स्प्रिंगहाऊसच जास्त आवडतं, पण डागडुजी करताना लोक ओल नको म्हणून झराच पाइपने बाहेर वळवतात आणि मग उरते नुसती दगडी खोली, ते बघवत नाही. अशा खोलीत शिरलात तर खाली बघा, पाणी एका बाजूने आत येऊन दुसरीकडून बाहेर जायची वाट असेल तर स्प्रिंगहाऊस, आणि खोल खड्डा असून तळाशी वितळलेल्या पाण्यासाठी फक्त बाहेर जायचीच वाट असेल तर आइसहाऊस.