नाशिकमधील परभाषक दूरचित्रवाणी

नाशिक शहर व परिसरात कामधंद्यासाठी किंवा विस्थापित होऊन आलेल्या बिगरमराठी समाजांना त्यांच्या मातृभाषेतील दूरचित्रवाणी कार्यक्रम मिळण्याची व्यवस्था. ती कोणाला किती मिळाली, हे त्या त्या समाजाच्या इथल्या संख्येवर थोडेफार ठरले. त्या भाषेला स्वतःचे राज्य आणि तिथली बाजारपेठ आहे की नाही, यावर त्याहून जास्त.

नाशकात बाहेरची माणसे टप्प्याटप्प्याने आली. १९२५ मध्ये नाशिक रोडला टपाल तिकिटे आणि मुद्रांक छापणारी सरकारी इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली. गावात तिला नुसतेच ‘प्रेस’ म्हणतात. फाळणीनंतर देवळाली कॅम्पात सिंधी निर्वासित उतरले. साठच्या दशकात ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) विमान कारखाना आला आणि मल्याळी, तमिळ, तेलुगू, बंगाली अशी घरे वसली. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांनी उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आणले. गुजराती आणि मारवाडी व्यापारी या सगळ्यांच्या आधीचे. त्यांना पाहुणे म्हणणे अवघडच.

अँटेनाच्या काळात या घरांच्या वाट्याला रविवारची दुपार येई. दूरदर्शनच्या राष्ट्रीय जाळ्यावर बधिरांसाठीच्या बातम्या संपल्या की प्रादेशिक चित्रपट लागे, खाली इंग्रजी अक्षरांच्या ओळी. आज मल्याळम, पुढे कधी बंगाली, कधी आसामी. आपल्या भाषेची पाळी आली की त्या घरी शेजारपाजारचे भाषाबंधू गोळा होत. बाकीची कॉलनी वामकुक्षी घेई.

उपग्रह वाहिन्यांनी चित्र पालटले. १९९३ मध्ये तमिळमध्ये सन टीव्ही आणि मल्याळममध्ये एशियानेट सुरू झाले, १९९५ मध्ये तेलुगूत ई-टीव्ही. उपग्रहाचा सिग्नल चेन्नईवर पडे तसाच नाशिकवरही पडे. अडे ते केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये. ॲनालॉग केबलवर वाहिन्यांची जागा मोजकी. वेगळा उपग्रह पकडायचा तर गच्चीवर आणखी एक मोठी छत्री हवी, शिवाय प्रत्येक वाहिनीला वेगळा रिसीव्हर. एवढा खर्च केबलवाला का करील? वसाहतीत एका भाषेची घरे एकगठ्ठा असली, तर महिन्याच्या वसुलीला आलेल्या पोऱ्याकडे सगळ्यांनी मिळून तगादा लावता येई. तेच कुटुंब निवृत्तीनंतर इंदिरानगरच्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेले, की ते एकटे गिऱ्हाईक ठरे आणि त्याच्या भाषेला जागा नसे.

केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरे होती आणि त्यांत नाशिक होते. मुदत ३१ मार्च २०१३. सेट-टॉप बॉक्स आल्यावर जागेची अडचण सरली, मग पॅकची सुरू झाली. कंपन्या वाहिन्यांचे संच म्हणजे पॅक राज्यानुसार बांधतात. महाराष्ट्राच्या पॅकमध्ये मराठी आणि हिंदी भरपूर, तेलुगू हवी तर वेगळे पैसे. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या दरपद्धतीने वाहिन्या सुट्या निवडण्याची मुभा दिली. तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांना १३० रुपये अधिक कर पडे, आणि सशुल्क वाहिनीची किंमत त्यावर. दूरदर्शनच्या निरनिराळ्या भाषांतल्या वाहिन्या दाखवणे केबलवाल्यांना सक्तीचे असल्याने, कोणी मागितली नाही तरी तमिळ वाहिनी पंचवटीतल्या मराठी घरात येऊन बसते.

उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर वाहिन्या देणाऱ्या डीटीएच सेवेमुळे केबलवाल्याची मनधरणी संपली. २००७ मध्ये आलेले सन डायरेक्ट दाक्षिणात्य कुटुंबांना सोयीचे पडले. कष्टकऱ्यांची निवड निराळी : दूरदर्शनची डीडी फ्री डिश. २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा. दर महिन्याचा रिचार्ज नाही, आणि भोजपुरी वाहिन्या आहेत. कामगारांच्या खोल्यांच्या पत्र्यावर, वारा लागू नये म्हणून विटांनी दाबलेली ही छत्री आग्नेयेकडे बरीच मान वर करून असते, कारण तिचा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. अलीकडे मात्र खोलीत टीव्हीच दिसेनासा झाला आहे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि प्रत्येकाचा कार्यक्रम ज्याच्या त्याच्या हातात गेला.

मालेगावची गोष्ट वेगळी. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर तिथे पिढ्यान्‌पिढ्या रुजले असून उर्दू ही गावाचीच भाषा झाली आहे. २००१ मध्ये ई-टीव्ही उर्दू आणि २००६ मध्ये डीडी उर्दू आल्यावर त्यांची सोय झाली.

खरी पंचाईत सिंधीची. १९६७ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, गेली, पण तिला राज्य नाही. दूरदर्शनची चोवीस तासांची सिंधी वाहिनी हवी, ही मागणी न्यायालयात गेली. भाषकांची संख्या पाहता अशी वाहिनी परवडणार नाही, आणि दूरदर्शनच्या गिरनार, राजस्थान व सह्याद्री वाहिन्यांवर सिंधी कार्यक्रम दिले जातात, असे दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचे म्हणणे होते. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. देवळाली कॅम्पातल्या आजीला म्हणून घरी बोलायची भाषा एक आणि मालिकांची दुसरी.

अहिराणीला तर परभाषा म्हणावे की नाही, इथपासून वाद. जिल्ह्याच्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात ती घरची. नाशिकच्या सिडको वसाहतीत धुळे-जळगावहून आलेल्या कुटुंबांबरोबर आलेली. जनगणनेत ती खानदेशीत मोजतात आणि २०११ मध्ये खानदेशी भाषकांची संख्या सुमारे १८.६ लाख होती. स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी तिला मिळालेली नाही. अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती यूट्यूबवर मात्र उदंड चालतात. लग्नाच्या हळदीत डीजेवाल्याला अहिराणी गाण्याची फर्माईश केली, तर तो ‘कोणते?’ एवढेच विचारतो.