केसाहून पातळ तेल आणि पाचशे घोडे

सोलापुरात गाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘जर्मन गाडी हाय बे, तिला काय होतंय!’ आणि तीच गाडी कुणाच्या तरी दारात बंद पडली की त्याच तोंडून दुसरं येतं, ‘आपल्या उन्हात कुठली टिकायला!’ पहिलं वाक्य चूक आहे आणि दुसरं त्याहून जास्त चूक आहे.

नमुन्यादाखल एकच गाडी घेऊ, बीएमडब्ल्यूची एम५, ई६० पिढीतली. २००५ ते २०१० या काळात ती बनत होती. बाहेरून पाहिलं तर चार दारांची शांत, साहेबी गाडी. बॉनेटखाली मात्र पाच लिटरचं, दहा सिलिंडरचं व्ही१० इंजिन. ताकद ५०७ हॉर्सपॉवर, तीही मिनिटाला ७७५० फेऱ्यांवर, आणि इंजिन ८२५० फेऱ्यांपर्यंत ओढता येतं. अशा जुन्या गाड्यांच्या जाहिराती पुण्या-मुंबईकडून मोबाईलवर फिरत येतात, किंमत बघून पोरं हरखतात आणि मग विचारतात, ‘काका, एवढ्यात मिळतीय, घेऊ का?’

घे. पण आधी तिची दुखणी ऐक.

गिअरबॉक्सपासून सुरू करू. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम या गाडीत हायड्रॉलिक पंप करतो. तो गेला की पाचशे घोडे जागच्या जागी उभे. मग थ्रॉटल, इंजिनात हवा सोडणारी झडप. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक विजेची मोटर आहे आणि तिच्या आतले प्लॅस्टिकचे दाते झिजतात. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी बैलगाडीच्या चालीवर येते. दोन्हींचा खर्च कळवळायला लावणारा, पण गाडी मरत नाही. मरते ती तिसऱ्या दुखण्याने, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगने. खरं तर मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

बेअरिंग म्हटलं की डोळ्यांसमोर छर्ऱ्यांची गोल रिंग येते. इथे छर्रे नाहीत. पिस्टनचा रॉड जिथे क्रँकला, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्याला, धरतो, तिथे दोन अर्धगोल पत्रे बसवलेले असतात, आपले मेकॅनिक ज्याला ‘शेल’ म्हणतात ते. पाठीला पोलाद, त्यावर तांबं आणि शिसं यांच्या मिश्रणाचा थर, आणि सगळ्यात वर साधारण १० ते २० मायक्रॉनचा मऊ मुलामा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. मुलामा मुद्दाम मऊ ठेवतात. तेलातून एखादा धातूचा कण आलाच तर तो त्यात रुतून बसावा, क्रँकला ओरखडा काढू नये.

आता भार बघा. या इंजिनात पिस्टन ७५.२ मिलिमीटर वर-खाली जातो. ८२५० फेऱ्यांना तो सेकंदाला सरासरी २० मीटर पळतो, आणि वरच्या टोकाला क्षणभर थांबून उलटा फिरतो. त्या क्षणी त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन हजार पटींहून जास्त असतं. पिस्टन नुसता अर्धा किलोचा धरला तरी तो रॉडला पावणेदोन टनांहून जास्त ओढ देतो, आणि हे सेकंदाला १३७ वेळा. ही सगळी ओढ त्या पातळ शेलवर येते. तरीही शेल आणि क्रँक एकमेकांना शिवत नाहीत. मध्ये तेल असतं, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचं.

ते तेल पिळून बाहेर का पडत नाही? ऑइल पंपाच्या दाबामुळे, असं उत्तर बहुतेकजण देतात. पंपाचा दाब इथे फार तर पाच-सहा बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट. एवढ्या भाराला तो अजिबात पुरायचा नाही. पंपाचं काम तेल दारापर्यंत आणून सोडायचं. पुढचं काम क्रँक स्वतःच करतो.

हे ज्याच्या लक्षात आलं तो ब्यूचॅम्प टॉवर नावाचा इंग्रज इंजिनिअर. १८८३ साली तो रेल्वेच्या धुऱ्यासारख्या बेअरिंगवर घर्षण मोजत होता. सोलापुरात रेल्वे १८६० ला आली होती, तिच्या डब्यांची चाकंही याच तऱ्हेच्या बेअरिंगवर फिरत होती. टॉवरने तेल घालायला वरच्या टोपीला भोक पाडलं. यंत्र सुरू केलं तर तेल आत जायचं सोडून त्या भोकातून वर उसळायला लागलं. त्याने बूच मारलं, बूच उडालं. लाकडाची खुंटी ठोकली; तीही हळूहळू वर सरकत निघून आली. शेवटी त्याने तिथे दाबमापक लावला. काटा २०० पौंड प्रति चौरस इंचाच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता १००. दाब तेलातच कुठेतरी तयार होत होता.

त्याचा उलगडा १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश प्राध्यापकाने केला. क्रँक बेअरिंगच्या बरोबर मध्यभागी कधीच नसतो, भाराखाली किंचित एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे भोवतालची फट एका बाजूने रुंद आणि पुढे अरुंद होत जाते, पाचरीसारखी. तेल पोलादाला चिकटून असतं, म्हणून फिरता क्रँक त्याला रुंद भागातून अरुंद भागात खेचत नेतो. तिथे जागा नाही, मागून तेल येतंच आहे, आणि घट्ट असल्यामुळे कडेने पटकन निसटताही येत नाही. दाब शेकडो बारपर्यंत चढतो आणि क्रँकला उचलून धरतो. पावसात वेगात असलेल्या गाडीचं टायर पाण्यावर तरंगून ब्रेक लागेनासा होतो, तिथेही हेच गणित असतं. फरक एवढाच की रस्त्यावर ते जीव घेतं आणि इंजिनात जीव वाचवतं. एम५ च्या क्रँकचा हा भाग सुमारे ५२ मिलिमीटर व्यासाचा आहे. म्हणजे पूर्ण वेगात त्याचा पृष्ठभाग ताशी ८० किलोमीटरने पळतो, केसाहून पातळ फटीत.

१९०२ मध्ये जर्मनीच्या रिचर्ड स्ट्रिबेकने याचा आलेख काढला. उभ्या रेषेवर घर्षण, आडव्या रेषेवर तेलाची घट्टता गुणिले वेग, भागिले भार. हा आडवा आकडा मोठा, म्हणजे उजवीकडे, असेल तर धातू तेलावर तरंगतो. आकडा घसरत गेला की घर्षणही थोडं घसरतं आणि एका तळाशी येतं. तिथून पुढे आकडा आणखी खाली गेला की घर्षण एकदम उसळतं, कारण दोन्ही पृष्ठभागांवरची सूक्ष्म टेकाडं एकमेकांवर आपटायला लागतात. उत्तम इंजिन त्या तळाच्या जरा उजवीकडे चालतं. फार उजवीकडे गेलं तर तेल ढवळण्यातच ताकद जाते. डावीकडे घसरलं तर शेल गेलाच. इंजिन सुरू करतानाच्या पहिल्या फेऱ्यांत वेग जवळपास शून्य, म्हणून दर वेळी चावी फिरवताना आपण डाव्या टोकाला असतो.

एम५ चं दुखणं या आलेखाच्या आधीच सुरू होतं: तेल नुसतं घट्ट असून भागत नाही, ते फटीत पोचावंही लागतं. ढोबळ नियम असा की व्यासाच्या दर मिलिमीटरला एक मायक्रॉन फट ठेवायची. ५२ मिलिमीटरला पन्नासेक मायक्रॉन. ही इंजिनं उघडून बसलेल्या मेकॅनिकांचं म्हणणं असं की इथे फट त्याहून कमी निघते. वर कंपनीने सांगितलेलं तेल १०डब्ल्यू-६०, म्हणजे गरम झाल्यावरही भरपूर घट्ट. थंड असताना तर ते काकवीच. अरुंद फट, घट्ट तेल, म्हणजे सकाळी सकाळी शेलला पुरेसं तेल मिळायला वेळ लागतो. म्हणूनच या गाडीच्या फेऱ्यांच्या काट्यापाशी दिव्यांची एक कमान आहे. इंजिन थंड असताना ती कमी फेऱ्यांवरच पेटते, ‘इथपर्यंतच’ असं सांगते, आणि तेल तापत जाईल तशी मर्यादा वर सरकते. जुन्या गाडीच्या पहिल्या मालकाने या कमानीकडे लक्ष दिलं की नाही, हे त्याने भरलेल्या हप्त्यांपेक्षा महत्त्वाचं. हे दुखणं या घराण्याला नवं नाही. याच कंपनीच्या आधीच्या, धाकट्या एम३ मध्ये, २००१ ते २००३ च्या गाड्यांत, कंपनीने स्वतः शेल बदलून दिले होते.

आता आपलं ऊन. एप्रिल-मे मध्ये सोलापूर ४२-४३ अंशांवर जातं, पण धावत्या इंजिनातलं तेल शंभर अंशांच्या आसपास असतं, बाहेर बर्फ असो की होटगी रोडचं डांबर. उन्हाने रबराचे पाइप, प्लॅस्टिक आणि बॅटरी मरते, हे खरं. शेलला मात्र सोलापूर जर्मनीपेक्षा मानवतं. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेही तेल तिकडच्या हिवाळ्याइतकं थिजत नाही. खरं नुकसान आपण स्वतः करतो. ‘गाडी गरम होतीय’ म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवणारी झडप, काढून टाकायचा हा इकडचा लाडका इलाज आहे. त्याने इंजिन कायम कोमट राहतं आणि ज्या थंड तेलापासून पळायचं त्यातच पोहतं. दसऱ्याला चाकाखाली लिंबू चिरडा, बंपरला मिरच्या टांगा, हौस आहे, माझी हरकत नाही. ‘इंजिनाचं आयुष्य दुप्पट’ म्हणणाऱ्या बाटल्या तेलात ओतू नका, एवढंच. लिंबाने निदान तेलाचं रसायन बिघडत नाही.

राहिला पैसा. वीस अर्धे शेल, अमेरिकेत काहीशे डॉलरचे. पण त्यांच्यापर्यंत पोचायला इंजिन वरून टांगून धरायचं, खालची चौकट उतरवायची, ऑइल चेंबर, म्हणजे तळाचं तेलाचं भांडं, काढायचं. रॉडचे बोल्ट ताणून बसवायचे असतात, ते पुन्हा वापरता येत नाहीत, नवेच लागतात. तिकडच्या खासगी गॅरेजात हे सगळं मिळून अडीच ते साडेतीन हजार डॉलरला होतं, म्हणजे आपले दोन-तीन लाख. उशीर केला, आतून टकटक ऐकू आली आणि तरीही रेटली, तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि इंजिनाचं बिल पंधरा हजार डॉलर सहज ओलांडतं.

घ्यायचीच असेल तर सौदा ठरायच्या आधी चेंबरमधलं थोडं तेल बाटलीत काढून प्रयोगशाळेत पाठवायचं. शिसं वाढलेलं दिसलं तर मऊ मुलामा उतरायला लागलाय. त्याच्या जोडीला तांबंही दिसलं तर खालचा थर उघडा पडलाय, आणि मग शेलचे तीन लाख गाडीच्या किमतीतून आधीच वजा करून बोलायला बसायचं. विकणारा तेल काढू देत नसेल तर सात रस्त्याला चहा पिऊन घरी यायचं.