पायाच्या खड्ड्यातलं पाणी समुद्राचं असतं का?

‘मुंबईत कुठेही पाया खोदा, समुद्रच आत येतो, पंप लावणं म्हणजे नुसतं डिझेल जाळणं,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या शहरात तसं वाटणं साहजिक आहे.

किनाऱ्यालगत आणि खाडी बुजवलेल्या जागी खारं पाणी लागतं, हे खरं. पण आतल्या भागात बहुतेक वेळा ते मुरलेलं पावसाचं पाणी असतं. भरावात, मुरमात आणि काळ्या कातळाच्या भेगांत ते साठतं. तपासायला साधा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, पुरतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात. मीटरवर काहीशेच दिसले, तर ते समुद्राचं पाणी नाही.

आणि उपसा पाणी संपवण्यासाठी नसतोच. काम होईपर्यंत पातळी खोदाईच्या तळाखाली ठेवायची, एवढंच. कातळात कोपऱ्यात खळगा करून पंप सोडला की बहुधा भागतं. वाळूत वेलपॉइंट, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या बारीक नळ्या, रोवतात. पण त्यांतलं पाणी वरचा पंप ओढून घेतो, म्हणून एका टप्प्यात पातळी साधारण ५ ते ६ मीटरच उतरते. त्याहून खोल जायचं तर बोअर मारून सबमर्सिबल. पाणी फारच येत असेल, तर आधी भोवती काँक्रीटची भिंत उतरवणं शहाणपणाचं.

शेजाऱ्यांनी खरं तर वेगळंच पाहावं. पंपाच्या पाइपातलं पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. रोज तळाशी गाळ बसत असेल, तर पंप पाण्याबरोबर जमीनही ओढतोय. अशा वेळी साइट इंजिनिअरला लगेच गाठा.