एका बेराखेचा वाद : युद्धातील चमत्कार आणि ज्यू धर्मशास्त्र

इस्रायलच्या स्वातंत्र्यदिनी सकाळी जेरुसलेममधल्या तीन वेगवेगळ्या सिनेगॉगांत, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांत, डोकावले, तर तीन वेगळ्या गोष्टी कानावर पडतात. पहिल्या सिनेगॉगमध्ये सगळे उभे राहून ‘हालेल’ ही स्तुतिस्तोत्रे म्हणतात आणि त्याआधी मोठ्याने बेराखा, म्हणजे आशीर्वचन, उच्चारतात. दुसऱ्यात हालेल होते, पण बेराखा गाळली जाते. तिसऱ्यात रोजचीच प्रार्थना चालू असते, जणू आज काही विशेष नाहीच. तिन्ही ठिकाणची माणसे शब्बाथ हा विश्रांतीचा पवित्र दिवस पाळणारी, तालमूद हा रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ शिकलेली. मग एकाच दिवसाबद्दल एवढा फरक का? याचे उत्तर राज्य स्थापन झाले त्या १९४८ मध्ये सापडत नाही. त्यासाठी दोन हजार वर्षांहून मागे जावे लागते.

आधी बेराखेचे वजन समजून घेतले पाहिजे. हालेल म्हणजे स्तोत्रसंहितेतली ११३ ते ११८ ही सहा स्तोत्रे. पेसाह, शाबुओथ, सुक्कोथ आणि हानुक्का या सणांना ती म्हणतात. ही स्तोत्रे कोणीही, कधीही वाचावीत, त्याला कोणाचीच हरकत नाही. पण त्यांच्या आधीची बेराखा म्हणते की, देवाने आपल्या आज्ञांनी आम्हाला पवित्र केले आणि हालेल म्हणण्याची आज्ञा दिली. म्हणजे ती उच्चारणारा माणूस ‘आजच्या दिवशी देवाची तशी आज्ञा आहे’ अशी साक्षच देतो. तशी आज्ञा नसेल, तर देवाचे नाव व्यर्थ घेतल्याचा दोष लागतो. म्हणून शंका असेल तिथे बेराखा गाळावी, असा रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा, जुना नियम आहे. बेराखा गाळणारा कृतघ्न आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. माझ्या मते तो नावाच्या पावित्र्याची चिंता करत असतो, आणि ही चिंताही भक्तीच आहे.

आभार मानण्याची परंपरा तर अगदी मुळापासूनची. इजिप्तच्या गुलामीतून सुटताना समुद्र दुभंगला, पाठलाग करणारे इजिप्तचे सैन्य बुडाले, तेव्हा मोशेने आणि इस्रायलींनी गीत गाइले, मिर्यामने डफ हाती घेतला. सीसरा या शत्रुसेनापतीच्या पराभवानंतर दबोरा ही संदेष्टी गायली. तालमूदने या प्रसंगांतून नियम काढला. ‘पेसाहीम’ या ग्रंथभागात म्हटले आहे की, संकटातून सुटका झाली की त्या सुटकेसाठी इस्रायलने हालेल म्हणावे, असे संदेष्ट्यांनी ठरवून दिले. ‘मेगिल्ला’ भागात पुरीम या, पर्शियात ज्यूंचा संहार टळल्याच्या सणाचा आधार शोधताना साधा तर्क मांडला आहे : गुलामीतून स्वातंत्र्य मिळाले म्हणून आपण गीत गातो, मग मरणातून जीवन मिळाले तर गायलाच हवे.

न गाण्याची किंमतही तालमूद सांगतो. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदा या ज्यू राज्यावर स्वारी केली. बायबलच्या कथेप्रमाणे देवदूताने एका रात्रीत त्याच्या छावणीतले १,८५,००० जण मारले आणि जेरुसलेम वाचले. तालमूद म्हणतो की, त्या वेळी देवाला यहूदाच्या हिज्कीया राजालाच मसीहा, म्हणजे जगाचा मुक्तिदाता, करायचे होते. पण न्यायाचे तत्त्व आडवे आले : दावीदाने एवढी स्तोत्रे गाइली, त्याला तुम्ही मसीहा केले नाही, आणि ज्याच्यासाठी एवढे चमत्कार घडले त्या हिज्कीयाने एकही गीत गाइले नाही, त्याला करणार? एका राहून गेलेल्या गीतामुळे साऱ्या जगाची मुक्ती लांबली. स्वातंत्र्यदिनी हालेलचा आग्रह धरणारे आजही हीच कथा पुढे करतात.

पण त्याच परंपरेत दुसरा आवाजही तितकाच स्पष्ट आहे. इजिप्तचे सैनिक बुडत असताना देवदूतांना गावेसे वाटले, तेव्हा देव म्हणाला : माझ्या हातांनी घडवलेली माणसे समुद्रात बुडत आहेत आणि तुम्ही गाणार? यहोशाफाट राजाच्या सैन्यापुढे गायक चालले, ‘परमेश्वराचे आभार माना, त्याची दया सर्वकाळची आहे’ असे म्हणत. इतरत्र या ओळीत ‘तो चांगला आहे’ हे शब्द येतात, इथे नाहीत. का? रब्बींचे उत्तर असे की, दुष्टांच्या नाशानेही देवाला आनंद होत नाही. पेसाहच्या शेवटच्या दिवसांत अर्धेच हालेल म्हणतात. त्याचे तालमुदातले कारण वेगळे, बलिदानांच्या विधीशी जोडलेले आहे, पण मिद्राशाने, म्हणजे रब्बींच्या कथारूप भाष्याने, ‘तुझा शत्रू पडला तर आनंद करू नकोस’ हे नीतिसूत्रांतले वचन त्याला जोडले आणि लोकांच्या मनात तेच राहिले. आभार मानणे हे कर्तव्यच आहे, पण शत्रूच्या प्रेतावर नाचणे त्यात बसत नाही, ही जाण या धर्मात इतकी जुनी आहे.

मक्काबी या ज्यू बंडखोर घराण्याचा काळ आला तेव्हा हे दोन आवाज एकाच सणात एकत्र आले. इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमारास त्यांनी ग्रीक सत्तेकडून जेरुसलेमचे मंदिर परत मिळवून शुद्ध केले. तालमूद विचारतो, हानुक्का म्हणजे काय? आणि उत्तरात एका दिवसाच्या तेलावर आठ दिवस जळलेल्या दिव्याची गोष्ट सांगतो; युद्धाचा उल्लेख ओझरता. पण त्याच सणाच्या ‘अल हानिसीम’ या प्रार्थनेत बळवंत दुर्बळांच्या हाती आणि पुष्कळ थोड्यांच्या हाती दिल्याबद्दल आभार आहेत. तेलाच्या चमत्काराचे नाव नाही. सण लढाईचा की दिव्याचा? हा प्रश्न तेव्हा विद्वानांपुरता होता. विसाव्या शतकात त्यावर सगळा वाद उभा राहिला.

त्या काळात विजयाचे इतर दिवसही होते. ‘मेगिल्लाथ ताअनीथ’ या जुन्या यादीत ते नोंदले आहेत. त्यांतला एक, अदार महिन्याची १३ तारीख, यहूदा मक्काबीने निकानोर या सेनापतीला हरवल्याचा. मंदिर पडल्यावर ही यादी रद्द ठरली, हानुक्का आणि पुरीम तेवढे उरले. पुढे त्याच १३ अदारला पुरीमच्या कथेतल्या एस्तेर राणीच्या नावाचा उपास आला. विजयाच्या मेजवानीचा दिवस उपासाचा झाला. या इतिहासातला हा तपशील माझ्या मनातून जात नाही.

यादी रद्द झाली, मग नव्या चमत्कारासाठी नवा दिवस ठरवता येतो का? मध्ययुगानंतर अनेक गावांनी हा प्रश्न न विचारताच आपापला पुरीम सुरू केला. कैरोत १५२४ मध्ये बंडखोर सुभेदार अहमद पाशा मारला गेला आणि ज्यू वाचले. फ्रँकफर्टमध्ये १६१४ मध्ये विन्सेंझ फेटमिल्खच्या जमावाने ज्यूंची गल्ली लुटून त्यांना हाकलले; १६१६ मध्ये ते सन्मानाने परतले आणि २० अदारचा ‘विन्झ पुरीम’ सुरू झाला. सतराव्या शतकातले हिज्कीया दा सिल्वा यांनी असे नवे सण मानायला नकार दिला. उलट फ्रँकफर्टमध्ये जन्मलेले आणि प्रेसबुर्गमध्ये रब्बी झालेले मोशे सोफेर यांनी त्यांची बाजू घेतली. मरणातून वाचलेल्यांनी आभार मानण्याचे कर्तव्य थेट तोराच्या, म्हणजे मूळ धर्मग्रंथाच्या, पातळीचे आहे, असे ते म्हणाले. अठराव्या शतकातले हाईम योसेफ दाविद अझुलाई यांनी मधली वाट सांगितली : चमत्कार सगळ्या इस्रायलसाठी घडला नसेल तर हालेल म्हणा, पण बेराखेशिवाय.

एका माणसाच्या सुटकेबद्दल मात्र कधीच वाद नव्हता. समुद्रप्रवासी, वाळवंटातला प्रवासी, बरा झालेला रोगी आणि सुटलेला कैदी, या चौघांनी आभार मानलेच पाहिजेत असे तालमूद सांगतो. मुंबईत त्याची साक्ष उभी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू समाजातले) अधिकारी सॅम्युअल दिवेकर म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडले. सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मांडवी भागात सिनेगॉग बांधले, ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार. समाज तो नवस फेडल्याची गोष्ट म्हणून सांगतो. त्याच कोकणी समाजात पुरीमला ‘होळीचा सण’ हे मराठमोळे नाव होते, पण हानुक्काला जुने मराठी नाव नव्हते. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावरच तो सण त्यांच्यात आला. आभाराचा विधी मात्र त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता : एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे, नाव घेऊन केलेला मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद.

१४ मे १९४८ रोजी, ज्यू पंचांगातल्या ५ इय्यारला, इस्रायल राज्याची घोषणा झाली आणि हे जुने प्रश्न एका देशाचे झाले. मुख्य रब्बी यित्झाक हर्झोग आणि बेन-सियोन उझिएल यांच्या काळात १९४९ मध्ये निर्णय झाला : हालेल म्हणावे, बेराखा नको. रब्बी मेशुलम रोथ यांना ते पटले नाही. थोड्यांनी पुष्कळांवर मात केली, मरणातून जीवन आणि परक्यांच्या सत्तेतून स्वातंत्र्य मिळाले, मग बेराखेत अडखळायचे का, असे त्यांचे म्हणणे होते. सहा दिवसांच्या युद्धात ७ जून १९६७ रोजी जुने जेरुसलेम हाती आले आणि लष्कराचे मुख्य रब्बी श्लोमो गोरेन यांनी प्राचीन मंदिराच्या पश्चिम भिंतीपाशी शोफार, म्हणजे एडक्याचे शिंग, फुंकला. २८ इय्यारच्या या दिवसासाठी रब्बानेटने, म्हणजे मुख्य रब्बींच्या संस्थेने, बेराखेसह हालेल मान्य केले. गोरेन पुढे देशाचे मुख्य अश्केनाझी (युरोपीय परंपरेच्या ज्यूंचे) रब्बी झाले आणि १९७४ मध्ये त्यांनी स्वातंत्र्यदिनालाही बेराखा दिली.

त्याच वेळी सेफार्दी (स्पेन आणि पूर्वेकडच्या परंपरेच्या ज्यूंचे) मुख्य रब्बी होते ओवाद्या योसेफ, जन्माने बगदादचे. त्यांचा निर्णय उलटा होता. हानुक्काला हालेल आहे ते तेलाच्या उघड चमत्कारासाठी. युद्ध जिंकणे निसर्गक्रमात बसते, आणि मुक्तीही अजून अपुरीच आहे. म्हणून प्रार्थना संपल्यावर, बेराखा न म्हणता हालेल म्हणावे. बरोबरीच्या पदांवरचे दोघे, एकाच ग्रंथातून दोन उत्तरे देत होते.

सातमार या कट्टर हासिदी पंथाचे रब्बी योएल टाइटेलबाउम या दोघांपासूनही फार दूर उभे होते. युरोपातल्या संहारातून वाचलेला हा माणूस तालमुदातल्या तीन शपथांकडे बोट दाखवी : इस्रायलने बळाने देशात चढून जाऊ नये, राष्ट्रांविरुद्ध बंड करू नये, आणि राष्ट्रांनी इस्रायलला अति छळू नये. त्यांच्या दृष्टीने हे राज्यच शपथभंग होते, म्हणून १९६७ च्या विजयात देवाचा हात पाहायला त्यांनी ठाम नकार दिला. तिसऱ्या सिनेगॉगमधली शांतता बऱ्याच अंशी अशा विचारांतून आलेली आहे.

मला पटणारी बाजू रोथ यांची, पण एका अटीवर : देवदूतांना गप्प करणारी ती ओळ हालेलसोबत लक्षात राहावी. १९४८ च्या युद्धात सुमारे ६,००० इस्रायली मारले गेले, तेव्हाच्या ज्यू लोकसंख्येच्या जवळपास १ टक्का. सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. त्या वर्षाला ते ‘नकबा’, म्हणजे महाविपदा, म्हणतात. इस्रायलच्या दिनदर्शिकेतही स्वातंत्र्यदिनाचा आदला दिवस मृत सैनिकांच्या स्मरणाचा आहे. त्या दिवशी सकाळी भोंगा वाजतो आणि रस्त्यावरच्या गाड्या जागीच थांबतात, माणसे उतरून उभी राहतात. संध्याकाळी अर्ध्यावर उतरवलेला ध्वज पुन्हा वर चढतो आणि सण सुरू होतो. दोन्हींच्या मध्ये मोकळी रात्रही नसते. सकाळी सिनेगॉगमध्ये हालेलसाठी उभे राहणाऱ्यांत आदल्या दिवशी कबरीपाशी उभे राहिलेले आईवडीलही असतात.