जुनी चेनसॉ घेताय? आधी सायलेन्सर उघडून बघा

पावसाआधीची छाटणी सुरू झाली की गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोड्याकडून आमच्या चेनसॉ दुरुस्तीच्या दुकानात येणारे बरेचजण एकच विचारतात : "मशीन चालू होते, फक्त ट्यूनिंग करून द्या. किती होतील?" बहुतेक वेळा ते मशीन नुकतेच कुणाकडून जुने घेतलेले असते, आणि दोरीच्या दुसऱ्या झटक्याला सुरू झाले म्हणून पैसे देऊन मोकळे झालेले असतात.

पिस्टनवर ओरखडे पडलेले मशीनसुद्धा थंड असताना सुरू होते. काजूच्या चार फांद्या कापून इंजिन तापले, बंद केले, की मग कितीही दोरी ओढा, ते उठत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेले असते आणि स्क्रू फिरवून ते परत येत नाही. म्हणून विकणाऱ्याकडे मशीन नुसते सुरू करून पाहू नका. दहा मिनिटे लाकूड कापा, बंद करा, पाच मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा.

त्याहून पक्की खूण सायलेन्सरच्या मागे असते. मशीन पूर्ण थंड झाले की प्लग काढा, सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट सोडा आणि दोरी हळू ओढत टॉर्चने आत बघा. पिस्टन वर जाताना त्याची बाजू आणि रिंग दिसते, खाली गेला की सिलिंडरची भिंत. पिस्टनची बाजू गुळगुळीत, त्यावर बारीक आडव्या रेषा दिसल्या तर उत्तम. उभे ओरखडे, किंवा रिंग खाचेत चिकटून बसलेली दिसली, तर भाव निम्म्यावर आणा नाहीतर उठून या. विकणारा सायलेन्सर उघडू देत नसेल तर तेही एक उत्तरच समजा.

हे ओरखडे येतात कुठून? टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनसाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑइल) न घालता टाकलेले साधे पेट्रोल, हे पहिले कारण. दुसरे जास्त फसवे आहे. इनटेकचे रबर तडकले किंवा क्रँकचे सील गेले की इंजिन जास्त हवा ओढते, पेट्रोलबरोबरचे ऑइलही कमी पडते. मुद्दाम कार्ब्युरेटरवरचा एचचा स्क्रू (जास्त वेगात पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा) आवळला तरी तेच होते. अशा मशीनचा आवाज चढा आणि जोरदार येतो, ऐकणारा खूश होतो, आणि आत पिस्टन जळत असतो.

म्हणूनच फोनवर आम्ही दर सांगत नाही. मशीन उघडून पाहण्याचे थोडे पैसे घेतो, काम आमच्याकडे केलेत तर ते बिलातून वजा होतात. काहींना हे रुचत नाही. पण कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम किट, पेट्रोलची नळी आणि फिल्टर बदलणे हे एका सकाळचे काम आहे आणि पिस्टन-सिलिंडर हे वेगळेच काम. न बघता दोन्हींचा एकच आकडा सांगणे बरोबर नाही. सिलिंडरला नुसते ॲल्युमिनिअम चिकटले असेल तर तो साफ करून वाचवतो, आतला मुलामा उडाला असेल तर बदलावाच लागतो. हवेची गळती शोधल्याशिवाय नवा पिस्टन आम्ही बसवत नाही, त्यात आणखी एक दिवस जातो. गळती तशीच ठेवली तर नवाही त्याच वाटेने जाईल.

चेनचा ब्रेक मात्र घेतानाच तपासा. चेन फिरत असताना हँडलवरचा हात न काढता मनगटाने पुढचे गार्ड ढकला, चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. बोथट चेन, झिजलेला बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) याची काळजी नको, ते मिळते. माडाचा बुंधा कापणाऱ्यांची चेन तशीही लवकर जाते, आणि चिऱ्याच्या जमिनीला एकदा टेकली की कानस लावावीच लागते.

पेट्रोल-ऑइलचे मिश्रण मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणे करा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली टू-टी ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिली. ऑइल अंदाजे ओतू नका, मापाची बाटली आम्ही ऑइलबरोबर देतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते आपल्या दमट हवेत पाणी ओढते. म्हणून मिश्रण महिन्याभरात संपवा. मशीन बरेच दिवस ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

आमच्याकडे विकायला ठेवलेल्या प्रत्येक जुन्या मशीनबरोबर सायलेन्सर काढून घेतलेला पिस्टनचा फोटो असतो. मागा, दाखवतो. बाहेरून घेणार असाल तर पैसे देण्याआधी ते मशीन आमच्याकडे आणा, विकणाऱ्यालाही बरोबर घेऊन या. दुरुस्तीला आणताना बार आणि चेन काढून ठेवू नका, आणि टाकीत असलेले मिश्रण ओतून टाकू नका. ते बघूनच आम्हाला निम्मे कळते. वादळात झाड रस्त्यावर आडवे झाल्यावर सगळेच एकदम येतात, म्हणून एप्रिलच्या आधी आणलेत तर थांबावे लागणार नाही.